‘ॲड’ झाल्यापासून ‘लेफ्ट’ होईपर्यंत: मुलांचे ग्रुप चॅट आणि आपण

एका रविवारी लेकीच्या शेजारी बसून तिच्या फोनमधले ग्रुप मोजले. ती तेरा वर्षांची आहे. माझा अंदाज होता आठ-दहा. निघाले ४१. वर्गाचा शिक्षक असलेला ग्रुप, वर्गाचाच शिक्षक नसलेला ग्रुप, फक्त मुलींचा, त्यातल्या सहाजणींचा. कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या सरप्राइजसाठी काढलेले आणि वाढदिवस होऊन वर्ष उलटलं तरी जिवंत असलेले सात. एका गेमचे तीन. एक असा, की त्यात दोनशेच्या वर नंबर आणि त्यातलं एकही माणूस तिच्या ओळखीचं नाही. “हा कुठून आला?” “काय माहीत गं, कोणीतरी ॲड केलं.”

आणि एक पाचजणींचा. सहाजणींच्या ग्रुपमधली एक वगळून. “हा वेगळा कशाला?” मी विचारलं. ती फोनकडे बघतच म्हणाली, “तिच्याबद्दल बोलायला.”

मी तयारी करून बसले होते ती अनोळखी लोकांची भीती घालायची. पण खरं गुंतागुंतीचं प्रकरण त्या पाचजणींच्या ग्रुपात होतं, आणि कुठल्याही सेटिंगने ते सुटणार नव्हतं. म्हणून या लेखात सेटिंग्ज आहेत, पण पहिल्या नंबरावर नाहीत. ज्या क्रमाने करून बघितल्यावर आमच्याकडे काही जमलं, त्याच क्रमाने लिहिते.

१. फोन हातात घेण्याआधी एक शब्द द्या

मुलं ग्रुपमधल्या गोष्टी घरी का सांगत नाहीत, हे त्यांनाच विचारून बघा. शरम, भीती, मैत्री तुटेल ही धास्ती, सगळं असतं. पण बहुतेकदा सर्वांत वर असतं ते एकच: सांगितलं की फोन जाईल. आपण म्हणतो संरक्षण, त्यांना दिसते शिक्षा. मग पुढच्या वेळी ती सांगत नाहीत, आणि ब्लॅकमेल करणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं.

म्हणून पहिला करार आपल्या बाजूने करायचा. मी माझ्या लेकीला जे सांगितलं ते असं: “ग्रुपमध्ये काहीही झालं, चूक तुझी असली तरी, मला येऊन सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही. रागावेन कदाचित. पण आधी तुला त्यातून बाहेर काढेन, मग रागावेन.” ‘रागावणारच नाही’ असं वचन देऊ नका. ते आपल्याकडून पाळलं जात नाही आणि मुलांना ते माहीत असतं.

या कराराची परीक्षा लवकरच होते. माझी तीन आठवड्यांत झाली. तिने एक घाणेरडं मीम दाखवलं, तिनेच पुढे पाठवलेलं. माझा हात आपसूक फोनकडे गेला होता. तो मागे घ्यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिने माझ्या चेहऱ्यावर काय वाचलं कोण जाणे. पण हात मागे घेतला, एवढं तिने नक्की पाहिलं.

झोपायच्या वेळी फोन खोलीबाहेर चार्जिंगला लावायचा हा नियमही याच बैठकीत ठरवा. आणि तो घरातल्या सगळ्यांना लागू करा. ग्रुपमधली भांडणं रात्री पेटतात, कारण रात्री थांबवायला कोणी नसतं. शिक्षा म्हणून हा नियम कधीच लावू नका, नाहीतर वरचा शब्द मोडला असाच त्याचा अर्थ होईल.

२. ग्रुप मोजा, मेसेज वाचू नका

यादी करताना फोन मुलाच्याच हातात राहू द्या. आपण शेजारी बसायचं. प्रत्येक ग्रुपबद्दल तीनच प्रश्न: कोणी काढला? ॲडमिन कोण? यातली किती माणसं तू प्रत्यक्ष भेटली आहेस? मेसेज वाचायचे नाहीत. त्यात दुसऱ्यांच्या मुलांचंही बोलणं असतं, त्यांनी ते आपल्यासाठी लिहिलेलं नसतं. शिवाय एकदा चोरून वाचलं की मुलं दुसरं अकाउंट काढतात. मग आपण पहिल्या अकाउंटवर नजर ठेवून निवांत बसतो आणि खरं बोलणं दुसरीकडे चाललेलं असतं.

तीन प्रश्नांतून ग्रुपचे आपोआप तीन ढीग पडतात. सगळे ओळखीचे असलेले. निम्मे ओळखीचे, म्हणजे मित्राचे मित्र, दुसऱ्या वर्गातली मुलं, स्पर्धेत भेटलेली. आणि कोणीच ओळखीचं नसलेले. तिसऱ्या ढिगातून त्याच दिवशी बाहेर पडायचं. आवडत्या गेमचा किंवा गायकाचा मोठा ग्रुप असेल आणि मूल हट्टाला पेटलं असेल, तर सवलत द्या, पण दोन अटींवर: खरं नाव आणि फोटो तिथे नको, आणि तिथलं कोणी खासगी मेसेज करू लागलं तर सांगायचं. दुसरा ढीग सगळ्यांत फसवा. ‘ओळखीचाच आहे’ असं मूल म्हणतं तेव्हा कधीकधी त्याचा अर्थ ‘ग्रुपमध्ये त्याचं नाव रोज दिसतं’ एवढाच असतो.

व्हॉट्सॲपवर २०२२ पासून ग्रुप सोडला की त्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते, सगळ्या ग्रुपला नाही. बऱ्याच मुलांना हे ठाऊक नसतं आणि ‘लेफ्ट’ अशी पाटी सर्वांना दिसेल म्हणून ती अडकून पडलेली असतात. एवढं सांगितलं तरी पाच-सहा ग्रुप तिथल्या तिथे कमी होतात. सोडणं अवघड असेल तिथे म्यूट करून आर्काइव्ह करायचं.

वयाबद्दल जाता जाता. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, डिस्कॉर्ड या सगळ्यांची किमान अट बहुतेक देशांत १३ वर्षांची आहे. हा आकडा मुलांच्या समजुतीचा अभ्यास करून ठरलेला नाही. त्याचं मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यात आहे. तेराखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये, असं तो सांगतो. तेव्हा तेरावा वाढदिवस झाला म्हणजे मूल तयार झालं, असं काही नाही. आणि वय खोटं टाकून काढलेल्या अकाउंटला ॲप मोठ्या माणसासारखं वागवतं, लहानांसाठीची कवचं त्याला मिळत नाहीत. हे बहुतेक पालकांच्या लक्षातच येत नाही.

३. दारं लावून घ्या

हे अर्ध्या तासाचं काम आहे. मेन्यूंची नावं अपडेटगणिक बदलतात, पण सोय साधारण त्याच भागात सापडते.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग ग्रुप्स. इथे ‘एव्हरीवन’ असेल तर ज्याच्याकडे नंबर आहे असा कोणीही मुलाला कुठल्याही ग्रुपात टाकू शकतो. ही सेटिंग २०१९ पासून आहे, तरी बहुतेक फोनमध्ये कोणी तिला हात लावलेला नसतो. ते ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. मग अनोळखी माणसाला आधी खासगी आमंत्रण पाठवावं लागतं, आणि ते तीन दिवसांत स्वीकारलं नाही तर बाद होतं. त्याच पानावर प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि ‘अबाउट’ही कॉन्टॅक्ट्सपुरतं ठेवा. ग्रुपमधल्या प्रत्येकाला मुलाचा नंबर दिसतो, आणि व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात. त्या सगळ्यांना फोटोही कशाला?

सेटिंग्जमध्येच ‘अकाउंट’खाली टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून टाका. कारण हा खेळ ग्रुपमध्ये नेहमी चालतो: ओळखीच्या मेंबरच्या नावाने मेसेज येतो, “अरे, माझा कोड चुकून तुझ्या नंबरवर आलाय, पाठव ना.” त्या मेंबरचं अकाउंट आधीच कोणीतरी पळवलेलं असतं, आणि तो कोड दिला की तुमच्या मुलाचंही जातं. एका मुलाचं गेलं की ग्रुपमधले बाकीचे रांगेत. कोड मैत्रिणीलाही द्यायचा नाही, आईलाही नाही.

फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. नाहीतर कोणी काही वाह्यात टाकलं की ते न उघडताही मुलाच्या गॅलरीत जाऊन बसतं.

टेलिग्रामच्या ग्रुपात दोन लाखांपर्यंत लोक असू शकतात, त्यामुळे तिथे दोन गोष्टी आवर्जून करा: फोन नंबर कोणाला दिसावा यापुढे ‘नोबडी’, आणि ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं यापुढे ‘माय कॉन्टॅक्ट्स’. डिस्कॉर्डवर मूल ज्या सर्व्हरमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रुपमध्ये, आहे, तिथल्या मेंबरांचे थेट मेसेज बंद करता येतात, प्रत्येक सर्व्हरपुरते वेगळे. अनोळखी मुलांच्या गेमिंग सर्व्हरवर ते बंदच हवेत. इन्स्टाग्रामने २०२४ पासून अठराखालच्यांसाठी ‘टीन अकाउंट’ आणलं. ते आपोआप प्रायव्हेट असतं, आणि मूल ज्यांना फॉलो करतं किंवा ज्यांच्याशी आधी जोडलेलं आहे तेच त्याला मेसेज करू शकतात. अर्थात, जन्मतारीख खरी टाकली असेल तर. स्नॅपचॅटच्या नकाशावर घोस्ट मोड लावा, म्हणजे मूल कुठे आहे ते तिथे कोणाला दिसत नाही.

ग्रुपची आमंत्रण लिंक ही सगळ्यांत दुर्लक्षित चीज. लिंक म्हणजे किल्ली, आणि तिच्या हव्या तितक्या प्रती निघतात. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपच्या कितीतरी लिंक गुगलच्या शोधात उघड्या सापडल्या होत्या, कारण कोणी ना कोणी त्या सार्वजनिक जागी टाकल्या होत्या. तुमचं मूल ॲडमिन असेल तर दोन गोष्टी शिकवा: लिंक रीसेट कशी करायची, म्हणजे जुनी निकामी होते, आणि नवीन मेंबर ॲडमिनच्या मंजुरीशिवाय येणार नाही असं कसं करायचं. मुलांना ॲडमिन असण्याची भारी हौस असते. त्या हौसेला हे काम जोडून द्या.

४. कुलूप वाटेवर आहे, पोचल्यावर नाही

‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ हे शब्द मुलांनी वाचलेले असतात आणि त्याचा अर्थ ‘आपलं बोलणं सुरक्षित’ असा लावलेला असतो. अर्धाच खरा आहे. मेसेज इथून तिथे जाताना मध्ये कोणी वाचू शकत नाही. पण पलीकडे पोचल्यावर तो ज्याच्या स्क्रीनवर उघडतो, त्याच्या हातात स्क्रीनशॉटचं बटण असतं. पस्तीस जणांच्या ग्रुपमध्ये स्वतःला सोडून अशी चौतीस बटणं.

गायब होणाऱ्या मेसेजचीही तीच गत. ‘व्ह्यू वन्स’ फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप अडवतं, स्नॅपचॅट स्क्रीनशॉट घेतल्याचं कळवतं. दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढला तर दोघांनाही पत्ता लागत नाही. हे मी लेकीला बोलून नाही, करून दाखवलं. माझ्या फोनवर तिने ‘व्ह्यू वन्स’ सेल्फी पाठवली, मी तिच्या बाबांच्या फोनने ती स्क्रीन टिपली आणि तिला परत पाठवली. दहा सेकंद लागले. ती दिवसभर माझ्यावर रुसली होती, पण मुद्दा पोचला.

तिला दिलेली कसोटी अशी: ग्रुपमध्ये लिहिताना त्यातला असा एक मेंबर डोळ्यांपुढे आण, ज्याच्याशी पुढच्या महिन्यात तुझं भांडण होणार आहे. कोण ते आज माहीत नाही, पण कोणीतरी असणारच. त्याच्या हातात हे चालेल का?

लाइव्ह लोकेशन ग्रुपमध्ये टाकायचंच नाही. व्हॉट्सॲपवर ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास चालू राहतं, आणि घाईत मुलं आठ तास दाबतात. भेटायचं असेल तर ज्याला भेटायचं त्या एकालाच पाठवायचं. स्वतःचे नेहमीचे फोटोसुद्धा मोठ्या ग्रुपात नकोत. साध्या चेहऱ्याच्या फोटोवरून अश्लील बनावट चित्र तयार करणारी साधनं आता कोणाच्याही हाताशी आहेत, आणि त्यासाठी त्या मुलीने काहीच ‘चुकीचं’ पाठवलेलं असावं लागत नाही. हे वाक्य मुलींच्या पालकांनी दोनदा वाचावं. मुलांच्या पालकांनी तीनदा, कारण असं चित्र गंमत म्हणून बनवणारा कधीकधी वर्गातलाच असतो.

५. “इथे नको, वेगळं बोलू”

आता अनोळखी माणूस. तो ग्रुपमध्ये कधीच वाईट वागत नाही. ग्रुप त्याच्यासाठी फक्त निवडायची जागा. कोण उशिरापर्यंत जागं असतं, कोणाच्या विनोदाला कोणी हसत नाही, कोण घरच्यांवर चिडून लिहितं, हे तो गुपचूप बघत असतो. मग एक दिवस बाजू घेतो. ग्रुपमध्ये मुलाला कोणी टोमणा मारला की हा धावून येतो. नंतर खासगी मेसेज: “त्यांच्याकडे लक्ष नको देऊस, तू वेगळी आहेस.”

गेममधली स्किन, नाणी, असं काहीतरी भेट देतो. स्वतःचंही एखादं गुपित सांगतो, म्हणजे मुलाला वाटतं आता आपणही सांगायला हवं. मग म्हणतो, हे ॲप सारखं लटकतं, तिकडे ये. नवीन ॲपवर जुन्या ग्रुपमधलं कोणी नसतं, पालकांनी लावलेल्या सेटिंग्ज नसतात. तिथे पहिला साधा फोटो मागितला जातो, मग थोडा वेगळा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जेमतेम बोटभर वर असते, म्हणूनच मुलाला ‘नाही’ म्हणायची नेमकी जागा सापडत नाही.

त्यामुळे ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हा उपदेश इथे कुचकामी आहे. या घडीला तो अनोळखी राहिलेलाच नसतो. मुलांना धोका माणसावरून नाही, दोन खुणांवरून ओळखायला शिकवा. एक, जागा बदलायला सांगणं: ग्रुपमधून खासगीत, खासगीतून दुसऱ्या ॲपवर. दोन, गुपित ठेवायला सांगणं: “घरी सांगू नकोस, त्यांना नाही कळणार.” यातली एक दिसली तर सावध व्हायचं. दोन्ही दिसल्या तर त्याच दिवशी सांगायचं, माणूस कितीही चांगला वाटत असला तरी, तो समवयस्क आहे असं तो म्हणत असला तरी. दुसरी खूण ओळखीच्या मोठ्यांनाही लागू आहे. कोच, शिकवणीचे सर, नात्यातला कोणी, कोणीही असो.

मुलाने येऊन सांगितलं तर पहिलं वाक्य “तू त्याच्याशी बोललासच का?” हे नको. “बरं झालं सांगितलंस, दाखव बघू” एवढं पुरे.

६. बघ्यांचा ग्रुप

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि इंटरकॉमवरून आपापसांत बोलायला सांगितलं. कोणी कोणाला दिसत नव्हतं, फक्त आवाज यायचा. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू आला. तो रेकॉर्ड केलेला होता, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ज्याला वाटत होतं की हे ऐकणारा आपण एकटाच आहोत, अशांपैकी ८५ टक्के लोक झटका चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के.

वेगळ्या खोल्या, न दिसणारी माणसं, ‘बाकीचे आहेतच की’. हा ग्रुप चॅटच आहे, पन्नास वर्षं आधीचा. वर्गाच्या ग्रुपवर एखाद्याची टर उडवली जात असताना वीसजण ते वाचतात. एकालाही ते आवडलेलं नसतं आणि एकही बोलत नाही. ज्याची टर उडतेय त्याला मात्र सगळ्यांचं गप्प राहणं दिसतं आणि तो समजतो, वीसच्या वीस माझ्याविरुद्ध आहेत.

मुलाला ‘ग्रुपमध्ये उभं राहून विरोध कर’ सांगणं सोपं आहे. आपल्याला तरी आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर जमतं का? त्यापेक्षा छोटं काम द्या. ज्याला त्रास होतोय त्याला वेगळा मेसेज करायचा: “मी वाचलं. मला नाही आवडलं ते. ठीक आहेस ना?” एवढ्याने त्याचा वीसचा आकडा एकोणीस होतो. हसण्याची इमोजी टाकायची नाही, हे दुसरं काम. जमलं तर तिसरं: विषय बदलणारं काहीतरी, “उद्या प्रॅक्टिकलला काय आणायचंय रे?” मुलं यात आपल्यापेक्षा तरबेज असतात.

एक प्रसंग मात्र असा आहे की तिथे वेगळ्या मेसेजवर थांबायचं नाही. ग्रुपमध्ये कोणी जगायचा कंटाळा आल्याचं, स्वतःला इजा केल्याचं लिहिलं, तर ते मस्करीत लिहिलंय की खरं, हे ठरवणं मुलांचं काम नाही. त्याच मिनिटाला जवळच्या मोठ्या माणसाला सांगायचं. “कोणाला सांगू नका” असं त्याने लिहिलं असेल तरीसुद्धा. मैत्रिणीचं गुपित फोडणं आणि मैत्रिणीला वाचवणं यांतला फरक आधीच बोलून ठेवा. त्या क्षणी मुलाला तो स्वतःहून सुचेल ही अपेक्षा धरू नका. आपल्या देशाच्या चाइल्ड हेल्पलाइनचा आणि आपत्कालीन सेवेचा नंबर मुलाच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा.

आणि टर उडवणारं आपलंच मूल निघालं तर? माझ्यावर ती वेळ आली, पाचजणींच्या ग्रुपमुळे. ‘सॉरी’ लिहून ग्रुपवर टाक, असं मी म्हणणार होते. मग लक्षात आलं, ग्रुपवरची माफी म्हणजे आणखी एक तमाशा. ती त्या मुलीच्या घरी गेली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

७. घडलंच काही, तर पहिला तास

या क्रमाने चला, क्रम महत्त्वाचा आहे. आधी पुरावा, मग तक्रार, शेवटी ब्लॉक. रागाच्या भरात आपण उलटं करतो, आधी डिलीट, आणि मग दाखवायला काही उरत नाही.

स्क्रीनशॉटमध्ये ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर किंवा युजरनेम, तारीख-वेळ दिसली पाहिजे. नुसतं सेव्ह केलेलं नाव पुरेसं नाही, प्रोफाइल उघडून नंबरचाही शॉट घ्या. मग रिपोर्ट करा. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केल्यावर त्या माणसाचे किंवा ग्रुपचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, आणि ज्याची तक्रार केली त्याला ते कळवलं जात नाही. मुलांना ही भीती फार असते, म्हणून हे सांगाच. रिपोर्ट करतानाच ग्रुप सोडून चॅट डिलीट करायचा पर्यायही समोर येतो. पुरावा घेऊन झाला नसेल तर तिथली टिकखूण काढा. आणि ब्लॉकची मर्यादा लक्षात ठेवा: ब्लॉक केलेल्या माणसाचे मेसेज, दोघं एकाच ग्रुपात असाल तर, ग्रुपमध्ये दिसतच राहतात. त्याला काढा किंवा तुम्ही बाहेर पडा.

याला एक अपवाद आहे आणि तो पक्का ध्यानात ठेवायचा. अल्पवयीन मुलाचा नग्न किंवा लैंगिक फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका. पुरावा म्हणून शिक्षकांना, दुसऱ्या पालकांना पाठवू नका. असा फोटो जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. नंबर, युजरनेम, ग्रुपचं नाव, वेळ कागदावर लिहा, फोन आहे तसा ठेवा आणि पोलिसांकडे जा.

कोणी फोटो पसरवायची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो मागत असेल, तर काहीही द्यायचं नाही. एकदा दिलं की मागणी संपत नाही, दर वाढतो. उत्तर देणं थांबवा, मेसेज राहू द्या, अकाउंट डिलीट करू नका, तक्रार करा. आणि मुलाला त्या रात्री एकटं झोपू देऊ नका. ही तांत्रिक सूचना नाही, पण यादीत सर्वांत वर हीच.

फोटो अठरा वर्षांखालच्या मुलाचा असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा आहे, अमेरिकेच्या ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ची, २०२३ पासून सर्वांसाठी खुली. नाव द्यावं लागत नाही. फोटो फोनबाहेर जातच नाही. त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्याकडचा तो फोटो शोधून काढून टाकतात. एन्क्रिप्टेड ग्रुपमधल्या फोटोपर्यंत ती पोचत नाही, ही तिची मर्यादा. तरी तिथून तो उघड्या मंचावर जाणं रोखता येतं.

८. मुलांचा ग्रुप तुम्हीच चालवत असाल तर

क्रीडा संघ, शिबिर, शिकवणी, कशाचाही. दोन मोठी माणसं ॲडमिन हवीत, एक कधीच नको. फक्त सूचनांसाठी असेल तर मेसेज ॲडमिनच टाकू शकतील असं करा. मुलांना खासगी मेसेज करायचा नाही. करावाच लागला तर पालकांना त्यात घेऊन. आणि शिबिर संपलं की ग्रुप बंद करा. बेवारस ग्रुपात पुढे काय शिजतं, हे कोणी बघत नसतं.

मोजणी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायची. आमची गेल्या आठवड्यात झाली. ४१ चे २३ झालेत. गेमचा एकच उरलाय. त्या दोनशे नंबरांच्या ग्रुपातून ती पहिल्याच दिवशी बाहेर पडली होती. पाचजणींचा मात्र अजून यादीत दिसला, म्यूट केलेला.

“सोडला का नाहीस?” मी विचारलं.

“सोडला तर त्या चारजणींचा काढतील,” ती म्हणाली.